कूलर आणि मोतीची फरशी

मंगळवार, संध्याकाळ

मोती आज कूलरसमोर झोपला. स्वतःहून.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला कूलरच्या ताट्यांत गवत मीच जास्त कोंबलं. ते पंख्यात अडकून असं खडखडलं, की आठ महिन्यांचा मोती पलंगाखाली घुसला. नंतर कुकरची शिट्टी, मिक्सर, सगळ्यालाच घाबरू लागला.

हे म्हणाले, "भित्रं कुत्रं काय कामाचं? भातकुलीले आपल्या वावरात सोडून देतो."

चूक माझी आणि शेतात राहायची शिक्षा त्याला? रोज कूलर चालू ठेवून भाकरीचा तुकडा एक फरशी पुढे ठेवत गेले. ओढलं नाही, रागावले नाही. मला हे जमलं!

आज शेवटची फरशी. यांची दुपारची जागा.

"मंग मी कुठी झोपू?"

"भातकुलीले जा. वावर मोकळंच आहे."