बंद खोक्यांचा धंदा

दि. ९ मार्च

चि. धाकट्या,

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्राला निदान ‘रेंज नव्हती’ म्हणता येत नाही. माझा खोकला गेला. मोरीचा नळ एकदाचा गळायचा थांबला. तुझा दादाही ठीक असावा.

शनिवारी दुपारी दारात एक बाई उभी राहिली. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. छातीशी आपलं खोकं होतं, ठोकळे जोडून बनवायचं ते तीन शिडांचं जहाज. कंपनीने बनवणं थांबवल्यावर भाव चढेल म्हणून आपण वर्षानुवर्षं सीलबंद जपलेलं आणि तू गेल्या महिन्यात तिला विकलेलं. मला वाटलं, एखादा तुकडा कमी निघाला असेल. आत बोलावलं. ती बसलीसुद्धा नाही.

“नवऱ्याच्या पन्नाशीला घेतलं हो,” म्हणाली. “लहानपणी दुकानाच्या काचेला नाक लावून बघायचा म्हणे. सगळ्यांसमोर उघडलं आम्ही.”

आणि तिने खोकं माझ्या टेबलावर उपडं केलं.

पिशव्यांत खडे होते, धाकट्या. पांढरे, गुळगुळीत खडे. पाहुणे हसले. नवऱ्याने तिची लाज राखायला “काय झकास गंमत केलीस!” म्हणून टाळ्या वाजवल्या.

मला ते खडे ओळखायला क्षणही लागला नाही. माझ्याच कुंड्यांमधले! कुंड्या बोडक्या दिसायला लागल्या तेव्हा मी शेजारणीच्या मांजराच्या नावाने बोटं मोडत होते, आणि तू समोर बसून चहा ढोसत म्हणाला होतास, “वहिनी, त्या मांजराचा बंदोबस्त करायलाच हवा.” निर्लज्जा, तो चहा घशाखाली उतरला कसा रे?

पण अंगाची खरी आग झाली ती वजनाने. सेट विकत घेताना खोकं आधी काट्यावर ठेवायचं, वजन जुळलं तरच व्यवहार करायचा, हे तुला कोणी शिकवलं? मी. आपल्याला कोणी टोपी घालू नये म्हणून शिकवलं. तू तीच विद्या उलटी फिरवलीस, खरे ठोकळे काढून घेतलेस आणि ग्रॅमला ग्रॅम जुळवून खडे भरलेस. कुंपणानेच शेत खाल्लं!

अर्ध्या चड्डीत आमच्या घरी राहायला आलास, तेव्हापासून ओळखते तुला. म्हणजे, ओळखते असं वाटत होतं. उन्हाने रंग उडू नये म्हणून खोक्यांच्या खोलीचा पडदा मी कधी बाजूला सारला नाही. कोपरा दबला की भाव पडतो, म्हणून एकेक खोकं तान्ह्या बाळासारखं उचललं. ‘या वयात खेळणी विकते ही’ म्हणून लोक हसायचे. मी म्हणायचे, हसा खुशाल, पण माझ्याकडचं खोकं डोळे मिटून घ्या. आपला सगळा धंदा त्या एका वाक्यावर उभा होता.

संध्याकाळी दादाला खडे दाखवले.

“लहान आहे तो,” म्हणाला. केसांना कलप लावणारा घोडा, म्हणे लहान! “कंपनीतूनच तसं आलं म्हणून सांग तिला. तिला काय कळतंय? घरातलं घरात ठेव.”

“बरं,” मी म्हटलं. “मग बाकीची खोकी तरी खरी आहेत का ते बघू.”

“वेड लागलंय का? सील तुटलं की भाव निम्म्याने जाईल!”

“जाऊ दे.”

भाजीची सुरी घेऊन खोलीत गेले. किल्ला उघडला. खरा. अग्निशमन केंद्र उघडलं. खरं. रेल्वे स्टेशनही खरं. प्रत्येक चिरेबरोबर दादा दारात कपाळ बडवत होता. मग मी कपाटावरचं दीपगृह खाली काढलं आणि त्याचा हात कपाळावरच थांबला.

“ते नको,” हळूच म्हणाला.

“का?”

“बाकीची उघड हवं तर. ते राहू दे.”

खोलीत एवढी खोकी, आणि त्याला नेमकं तेच कसं रे नको होतं?

सुरी घातली. खडे निघाले.

“तूसुद्धा?” मी विचारलं. तर म्हणतो, झाकण चिकटवलं धाकट्याने, मी फक्त खोकं धरलं होतं. फक्त!

दुसऱ्या दिवशी त्या बाईला बोलावून पैसे परत केले. एक सेटही देऊ केला, ती घेईना. सोबत नवरा आला होता. तो स्टेशनच्या खोक्यात डोकावला आणि म्हणाला, “उघडलेलं असलं म्हणून काय झालं? आम्हाला कुठे विकायचंय?” एवढ्या वर्षांत आपल्या घरात हे वाक्य कोणी बोललं नव्हतं. त्याने रीतसर पैसे मोजून ते नेलं.

तू आजवर ज्यांना ज्यांना खोकी विकलीस, त्या सगळ्यांना मी कळवलंय की उघडून बघा, आणि खोटं निघालं तर या पत्त्यावर या. खाली तुझा पत्ता दिलाय.

दादाने काल बॅग भरली. मी अडवेन या आशेने फार सावकाश भरली. एका शर्टाची तर दोनदा घडी घातली. मी अडवलं नाही. हे पत्र मिळेपर्यंत तो तुझ्या दारात पोचला असेल. रक्तदाबाची गोळी विसरतो, जेवणाआधी आठवण कर. चष्म्याचा नंबर वाढलाय त्याचा, पण कबूल करत नाही.

दोघांनी मिळून मला माफीचं काही लिहू नका. ज्यांच्या घरी खडे गेलेत त्यांच्या दाराशी जा, उभे राहा, त्यांना काय बोलायचंय ते ऐकून घ्या. ते झालं की मग इथली बेल वाजवा. उघडेनच, असा शब्द देत नाही.

अजून तरी तुझी,
वहिनी