रिंगा बसेपर्यंत

३ सप्टेंबर १९९४, सकाळी ६.१०
फियाटचं इंजिन बांधून पुरं झालं. पिस्टन, रिंगा सगळं नवं. ना कोर्स, ना कुणाचा हात. (बोअरिंग लेथवाल्याकडं झालं, पण मी शेजारी उभा होतो.) निरवांगीला थोरल्या बहिणीला, आक्काला, निरोप धाडला: पंधरा दिवसांत जेजुरी. तिला काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात, दिवाळीपर्यंत दिसेल तेवढं दिसेल. डोळ्यांत उजेड आहे तोवर तिला खंडोबा बघायचाय. म्हणालो, माझ्याच गाडीतून.

९ सप्टेंबर
नवं इंजिन, सांभाळायला हवं. तीसच्या वर जायचं नाही. लूनावाले पुढं गेले. जाऊ देत. ८० किमीला पाव लिटर तेल कमी. मोजण्यात चूक असावी.

१० सप्टेंबर, सकाळी ५.४०
गार इंजिन, सपाट जागा, डिपस्टिक तीनदा पुसून. पाव लिटरच. रात्रभर खाली पेपर अंथरला होता, कोरडा. म्हणजे गळत नाही, जळतंय.

१८ सप्टेंबर
आक्काचा फोन, कधी येतोस म्हणून. म्हणालो, धूर सोडणाऱ्या गाडीतून तुला नेणं मला शोभत नाही. मग एसटीनं जाते म्हणाली. रागावलो. थांबते म्हणाली.

२५ सप्टेंबर
व्हॉल्व्हचे सील बदलले. निळा धूर तसाच. गॅरेजवाला सोपान न विचारता बोलला, "तात्या, रिंगा बसल्याच न्हाईत, जोर पडल्याबिगर त्या सिलिंडरला घासून बसत न्हाईत. तुमी गाडी पाळण्यात घातलीया. चार माणसं भरा, जेजुरीला पळवून आणा. धूर ऱ्हायला तर माझं नाव बदला." आयटीआयवाल्यांचं हे असंच. नवं इंजिन कुणी पळवतं का? तीसचे पंचवीस केले.

७ ऑक्टोबर
इंजिनचं हेड परत उतरवलं. सगळी मापं बिनचूक. म्हणजे दोष तेलात. ग्रेड बदलला. बायको, प्रयाग, म्हणाली, आक्काबाईंना आता समोरचा तांब्या चाचपावा लागतो. म्हणालो, दोषाचं निदान होईपर्यंत निघणं बेजबाबदारपणाचं.

२० ऑक्टोबर
नवा ग्रेडही जळतोय. प्रयाग काल एकटीच एसटीनं निरवांगीला जाऊन आली. आल्यापासून बोलत नाही. ठीक. रविवारी निघू. डिकीत तेलाचे दोन कॅन.

२३ ऑक्टोबर, रविवार
आक्का, तिचा मुलगा मल्हार, सून, प्रयाग, मी. दर वीस किमीला थांबून तेल बघत होतो. तिसऱ्यांदा बॉनेट उघडलं तेव्हा प्रयाग चार दिवसांनी बोलली, की हितं गाडी बघायला आलोय का आक्काबाईंना न्यायला? मग दाबली. सत्तर. चढालाही दाबली.
मल्हारनं आक्काला पाठीवर घेऊन पायऱ्या चढवल्या. वर भंडारा उधळत होते. आक्कानं माझं कोपर धरलं.
"मानसिंगा, हळदीचा वास आला. दीपमाळा कुठल्या अंगाला हायत्या, सांग."
तिचा हात धरून त्या बाजूला केला. ती म्हणाली, मोजून सांग. मोजू लागलो. मध्येच आकडा चुकला. परत पहिल्यापासून मोजल्या, परत चुकला. आक्का म्हणाली, ऱ्हाऊ दे, लई हायत्या म्हणजे.

२४ ऑक्टोबर, सकाळी ६.००
गार इंजिन, सपाट जागा, डिपस्टिक तीनदा पुसून. २१२ किमी. तेल जिथल्या तिथं. धूर नाही.
रिंगा बसल्या. सप्टेंबरातच बसल्या असत्या, जेजुरीच्या एका खेपेत.
प्रयागनं चहा आणून दिला आणि विचारलं, किती तेल लागलं.
म्हणालो, बघितलं नाही.