टाणची

४ मार्च

"दुसऱ्यांची पोरं निजवता निजवता ज्यांचे घसे बसले त्या बायांनो, तुमच्या गोष्टी छापून आल्या आहेत आणि त्यांत तुमचं नाव कुठेही नाही!" — पंधरा तारखेच्या भाषणाची सुरुवात हीच. बदलायची नाही.

आज दुकानात उभ्याउभ्याच ते पुस्तक चाळलं. बालकथांच्या उगमावरचं, जाडजूड. पान ११२ — लावी आणि तरस. माझ्या मावशीची गोष्ट! तरस लावी पाखराची सात अंडी खातो. मग तो झोपला की लावी रोज त्याच्या पंजात एक टाचणी खुपसते. सात दिवस, सात टाचण्या. म्हणून तरस अजून लंगडतो. पाळणाघरात आया म्हणून राबली तेवढी तीस वर्षं मावशी हीच गोष्ट सांगत होती. आणि पुस्तकात काय? "एका अनामिक वृद्धेकडून." अनामिक! वर शेवट बदललेला — तरस माफी मागतो आणि दोघांची मैत्री होते. पोटात सात अंडी घेऊन मैत्री!

५ मार्च

पुस्तक विकत घेतलं आणि चोर रंगेहाथ सापडला! पुस्तकात टाचणी नाहीच, 'टाणची' आहे. त्यावर प्राध्यापकमहाशयांची दीड पानाची तळटीप — "टाणची हे हाडापासून घडवलेले, आज विस्मृतीत गेलेले आदिम हत्यार असावे." हसून हसून ठसका लागला. अहो महाराज, ते आदिम हत्यार म्हणजे मी! चार वर्षांची असताना मला टाचणी म्हणता येईना, टाणची म्हणायचे. मावशीला गंमत वाटली, तिने गोष्टीत तोच शब्द ठेवून दिला. जगात दुसऱ्या कुठल्या घरात हा शब्द नाही.

६ मार्च

मावशीला विचारलं. "हो, आला होता एक टकल्या. नातीला सोडायला यायचा. टेप घेऊन बसला एक दिवस."

"आणि नाव नाही विचारलं त्याने?"

"विचारलं गं. मीच म्हटलं, नको घालूस."

"का?"

"झालं, सुरू झाला हिचा माईक! जाऊ दे ना. वीस वर्षं झाली."

नाही जाऊ देणार. आमच्या बायकांची ही नम्रताच या लोकांच्या पथ्यावर पडते.

१२ मार्च

भाषण चौथ्यांदा लिहिलं. अजून मवाळ वाटतं.

१५ मार्च

प्राध्यापकाच्याच सत्काराला आया-संघटनेतर्फे वक्ता म्हणून मला बोलावलं होतं. भोगा! संघटनेच्या चाळीस जणी मी आधीच पहिल्या दोन रांगांत बसवल्या होत्या. तळटीप अख्खी वाचून दाखवली, सावकाश, त्याच्याच आवाजात. मग टाणचीचा जन्म सांगितला. सभागृह गदगदून हसलं. दुसऱ्या रांगेतून एक आया ओरडली, "प्राध्यापक, माझी नात चमच्याला मचचा म्हणते, लिहून घ्या!"

तो उभा राहिला. "बाई, त्यांनीच सांगितलं होतं की नाव—"

"बसा! ऐंशी वर्षांच्या म्हातारीवर ढकलता?"

बसला. चष्मा पुसत राहिला, पुसतच राहिला. मला दया आली नाही. हे इथे लिहायला हरकत नाही.

प्रकाशकाने तिथल्या तिथे कबूल केलं — नवी आवृत्ती, मुखपृष्ठावर मावशीचं नाव, शेवट सात टाचण्यांचा. छपाई एकवीस तारखेला.

१८ मार्च

प्राध्यापकाने बालसाहित्य समितीचा राजीनामा दिला. चहा गोड लागला.

२० मार्च

मुखपृष्ठाचा नमुना आला. मावशीच्या मांडीवर ठेवला. वाटलं, आता रडेल, मला जवळ घेईल. तिने तो पालथा केला. "हे नाव काढ," म्हणाली. मी चिडले. तुझ्यासाठी एवढं रान उठवलं आणि तू! ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जेवली नाही.

२१ मार्च, सकाळ

मावशी बोलली. गोष्ट तिची नाही. पाळणाघरात तिच्याबरोबर आणखी एक आया होती, सगळे तिला तोतरी म्हणत. फक्त ही गोष्ट सांगताना तिची जीभ अडखळायची नाही. एकदा एक मूल रस्त्यावर गेलं. "दार मी उघडं टाकलं होतं. मोठ्या बाईंनी विचारलं तेव्हा तोतरीचा शब्द अडकला. मी बोलले — हिनंच टाकलं." तोतरीला त्याच दिवशी काढलं. दुसऱ्या दिवशी मुलं गोष्टीसाठी रडायला लागली, म्हणून मावशीने ती सांगायला घेतली.

"तिचं खरं नाव काय होतं?"

"कुणी विचारलंच नाही गं."

दहाला छपाई सुरू होते. ठेव ही वही. ऊठ. छापखान्यात जा. यंत्र थांबव.