टोचणीचा गुरुवार

पिपरटोला, ता. सिंदेवाही
२ जानेवारी २०००

चि. धनराज,

लटारूदादाचा तुले अन् दिव्यानीच्या मायले आशीर्वाद. दिव्यानीच्या डोक्यावरून माह्या नावानं एकदा हात फिरवजो. इकडं मी बरा आहे. तेरवीले आला तवा तू खोकलून राह्यला होता. घुग्घुसची कोळशाची धूळ वाईट. दवाखान्यात दाखव, अंगावर काढू नको.

पत्र पाहून तुले नवल वाटन. बाबाच्या तेरवीले तू चार दिवस राह्यला, अन् आपण दोघं धड चार गोष्टी बोललो नाई. तू एस.टी.त चढला तवा मी सांगायले तोंड उघडलं होतं. तू म्हणला, "काय दादा?" मी म्हणलो, "हात खिडकीच्या बाहेर काढू नको."

औंदा धान बरं झालं म्हणतात. कापणी झाल्यापासून मेंढ्या बोडीच्या तळ्याखालच्या, धान कापलेल्या बांद्याइत बसवून राह्यलो. एका बांदीत तीन रात्री, मंग दुसरी. लेंडीखत पडते म्हणून शेतकरी खुशीनं बोलावतात. मी तिथीच धानाच्या तणसावर निजतो. थंडी गंज आहे. बाबाची घोंगडी पांघरतो, तिले अजून बाबाच्या तंबाखूचा वास आहे.

मेंढ्या आता अडतीस आहेत. त्यातल्या चौदा व्याल्या. एकीले जुळं झालं, पण तिनं एकालेच पाजलं. दुसऱ्याले हुंगलं अन् डोक्यानं ढकलून देलं. त्या पिलाले मी शेळीचं दूध पाजतो. ते दिवसभर माह्या पायात पायात येते. दिवसातून जे काही बोलणं होते ते त्याच्यासंगच.

कातरणी एकट्यानंच केली. तुले ठाऊक आहे, एकानं धरलं तं दुसऱ्यानं कातरायचं, असं ते काम. मी दोरीनं पाय बांधून एक एक कातरली. तीन दिवसाच्या कामाले नऊ दिवस लागले. दोघी-तिघीइले कातर लागली, हळद भरली.

तू म्हणशीन, दरसाली बाजूच्या टोल्यावरून देवरावमामा अन् झिंगू येतात, ते औंदा काऊन नाई आले? तेच सांगायचं आहे. दुपारपासून कागद घेऊन बसलो, अन् धान-मेंढ्यातच दोन पानं घालवली.

धनराज, कळप मेला त्या साली मेंढ्याइले टोचणी झालीच नव्हती.

तू दिव्यानीच्या जन्माच्या वेळेस वरोऱ्याले सासुरवाडीले चालला होता. अंगणात चार लोक बसले होते. तू म्हणला, "दादा, गुरुवारी ढोरायचा डॉक्टर मेंढ्याइच्या देवीची लस घेऊन येते. मेंढ्या गावातच ठेवजो. इसरू नको, तुही याद कच्ची आहे." लोक हासले. तूही हासला. मनात काही ठेवून तू बोलला नसशीन, पण मले ते लागलं. बजारात तू जायचा, डॉक्टरसंग तू बोलायचा, बाबा काही इचारायचं तं तुलेच इचारत. मोठा मी होतो. माही घरवाली शकु मेल्यापासून तं घरात मी असून नसल्यासारखाच होतो.

मी इसरलो नव्हतो. गुरुवारी सकाळीच मी मेंढ्या ओढ्यापलीकडं जंगलाच्या काठाले नेल्या. तिथून डॉक्टरची मोटरसायकल येताना ऐकू आली, दुपारी जाताना ऐकू आली. मी मोहाच्या झाडाखाली बसून भाकर खाल्ली. संध्याकाळी बाबाले सांगतलं, डॉक्टर ओढ्यावरच भेटला, तिथीच टोचून गेला. पिपरटोल्यात मेंढ्यावाले आपणच, कोण इचारते?

मंग जेठात तू बजारातून ते दोन मेंढे आणले. आषाढात पहिल्या मेंढीच्या कानापाशी फोड दिसले. पुढचं तू पाह्यलंच आहे. एकशेवीसमधल्या तेवीस उरल्या. आपण दोघंच खड्डे खणत होतो अन् बाबा शेताच्या धुऱ्यावर बसून होते. ते म्हणले, "तू बजारातून रोग आणला, धनराज. माह्या बापानं उभा केलेला कळप तुह्या हातानं गेला." तू फावडं टेकवून माह्याकडं पाह्यलं. "दादा, टोचणी झाली होती ना?"

मी म्हणलो, "झाली होती."

एवढंच बोललो, अन् पुन्हा खणायले लागलो. पोळा झाला अन् तू दिव्यानीले कडेवर घेऊन घुग्घुसले गेला. तू बाबाले उलटून एक शब्द बोलला नाई.

अजून एक आहे. हे पहिल्याहून वाईट आहे.

या श्रावणात बाबाची तब्येत उतरली. त्याइची खाट ओसरीत टाकली होती. एक दिवस त्याइनं मले जवळ बसवलं अन् तुह्यासाठी निरोप सांगतला. म्हणले, आजच पत्र टाक. दुसऱ्या दिवशी इचारलं, "टाकलं?" मी म्हणलो, "टाकलं." टाकलं नव्हतं. तू आला, बापलेक बोलले, तं टोचणीची गोष्ट निघन, हे भेव होतं. एस.टी.चा आवाज आला की बाबा मान उचलून रस्त्याकडं पाहत. वीस-बावीस दिवस पाहत होते. मंग मान उचलणं बंद झालं. "त्याचा राग गेला नाई," असं म्हणले, अन् तुहं नाव पुन्हा काढलं नाई.

बाबा गेले, मातीले तू आला अन् त्याइच्या पायापाशी बसून रडला. मी बाजूलेच उभा होतो.

दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली, त्या दिवशी आपल्या जातीचे लोक बसले होते. तिथी कोणीतरी बोलला, गुणवंतरावचा लहाना पोरगा कळप बुडवून पळाला. मी उठलो अन् सगळं सांगतलं. ओढा सांगतला, पत्राचंही सांगतलं. देवरावमामानं आपली काठी उचलली अन् गेला. बाकीचेही उठले. तवापासून माह्या दारात कोणी येत नाई. त्याइचं चुकलं असं मी म्हणत नाई. तुले मात्र आता या भागात कोणी बोट दाखवणार नाई, एवढं मी केलं आहे.

माफी मागाले शब्द शोधले, जमले नाई. उत्तर लिहिलंच पाह्यजे असं काही नाई. हे पत्र उद्या मी सोता सिंदेवाहीले जाऊन पेटीत टाकीन, दुसऱ्याच्या हाती देणार नाई.

बाबाचा निरोप, त्याइनं सांगतला तसाच लिहितो:

"धनराजले म्हण, मेंढ्या मेल्या तं मेल्या. मी लेकराले तसं बोलाले नाई पाह्यजे होतं. पोरीले घेऊन घरी ये."

हे तुहं होतं. श्रावणापासून मी दाबून ठेवलं होतं.

लटारू