सतरा नंबरची बंदूक

सोमवार, ७ ऑक्टोबर

आजपासून मी संरक्षण अधिकारी. सोलापूरहून निघताना आई रडली. आबांनी मात्र माझ्या नेमणुकीच्या पत्राच्या झेरॉक्स काढून शेजारपाजारी दाखवल्या. तालुक्याचं गाव एसटीने अडीच तास. खोली बरी आहे, पाणी दिवसाआड. घरमालकीण कस्तुराबाईंनी उंबऱ्यातच विचारलं, लग्न का नाही केलं. मी म्हटलं, दिवसभर लोकांची भांडणं बघणार, संध्याकाळी घरची कशाला. त्या पोट धरून हसल्या.

काम सोपं वाटतंय. घरात छळ होणाऱ्या बाईला कोर्टाकडून संरक्षणाचा हुकूम मिळवून द्यायचा आणि तो पाळला जातोय की नाही हे बघायचं. ऑफिसातल्या टेबलाचे तीन पाय धड, चौथ्याखाली वीट. तरी मी खूश आहे. आपली खुर्ची ती आपली.

सोमवार, २१ ऑक्टोबर

पहिली मोठी कामगिरी फत्ते. उजनीच्या पाण्याकाठी केळवाडी म्हणून वस्ती आहे, तिथली वैजयंती. नवरा अभिमन्यू, केळीचा बागायतदार. रानडुकरांसाठी म्हणून परवान्याची बंदूक. जेवायला बसला की ती मांडीवर आडवी घेऊन बसायचा, आणि वैजयंतीने समोर बसून वाढायचं. भाद्रपदात एकदा नळी तिच्या छातीला लावून पूर्ण जेवण उरकलं. हे सांगितलं कुणी, तर खुद्द त्याच्या आईने. सोनाबाई पोटच्या पोराविरुद्ध कोर्टात उभ्या राहिल्या. घर त्यांच्या नावावर. हुकूम झाला की अभिमन्यूने घर सोडून पाण्यापलीकडच्या वस्तीवर भावाकडे राहायचं आणि बंदूक जप्त करायची.

आज पोलिसांबरोबर गेले, तर गडी अगदी सभ्य. स्वतः बंदूक आणून दिली, फडक्याने पुसून. म्हणाला, मॅडम, तिला वल लागू दिऊ नका, लई जपलीय. मला हसू आलं.

तिकडच्या ठाण्यात ही गर्दी. विधानसभेची आचारसंहिता लागलीय, म्हणून हद्दीतल्या सगळ्या परवान्याच्या बंदुका जमा करून घेत होते. जप्तीचा पंचनामा वेगळा, कोर्टाला पत्र वेगळं, सगळं मिळून रात्र झाली असती. हवालदार हरिबा म्हणाले, मॅडम, निवडणुकीच्या ह्याच वहीत घालू की, कपाट येकच हाय, बंदूक आत गेल्याशी मतलब. तालुक्याला परतायची शेवटची एसटी साडेसहाची होती. मी सही केली. नोंद सतरावी. हुकमाची प्रत मागाहून जोडतो म्हणाले. कोर्टाला मी कळवलं, शस्त्र जमा.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

केळवाडीला जाऊन आले. वैजयंती ओट्यावर भर उन्हात केस वाळवत बसली होती. म्हणाली, लग्नाला नऊ वर्षं झाली, पण पाठ दाराकडं करून जेवले ती ह्या महिन्यातच. सोनाबाईंनी बळेच दोन भाकरी खाऊ घातल्या. त्या अधूनमधून पाण्यापलीकडे बघत होत्या. पोरगं वाळलंय म्हणत्यात लोक, एवढंच बोलल्या. गावकऱ्यांची मात्र कुरकुर. बंदुका ठाण्यात, डुकरं ऊस लोळवतायत, कधी एकदा निवडणूक उरकते असं झालंय.

मी मान डोलावली. त्यांच्या बोलण्यातली गोष्ट माझ्या डोक्यात शिरलीच नाही. कशी शिरली नाही?

(शेवटच्या दोन ओळी नंतर लिहिल्यात.)

गुरुवार, २८ नोव्हेंबर

दुसऱ्या एका प्रकरणासाठी शेजारच्या गावात होते. चारच्या सुमाराला उसात बार झाला. मी दचकले. तिथली माणसं हसली. आचारसंहिता उठली मॅडम, बंदुका मिळाल्या की परत.

मिळेल त्या गाडीने ठाण्यात आले. वही मागितली. जमा केलेली सर्व शस्त्रे निकालानंतर सात दिवसांत मालकांना परत करावीत, असा हुकूम वर चिकटवलेला. नोंद सतरा. परत केली, तारीख सव्वीस. खाली अभिमन्यूची सही. शेजारच्या रकान्यात जमा करणाऱ्याची सही, माझी.

हरिबांची बदली झालीय. कोर्टाच्या हुकमाची प्रत कुठेच जोडलेली नाही. माझ्याकडची दाखवली. नवे हवालदार म्हणाले, बंदूक कायद्यानं परत गेलीय, आता कोर्टाचं नवीन पत्र आणा. त्यानं घरात पाऊल टाकलं तर मात्र लगेच कळवा.

पाऊल टाकल्यावर.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

न्यायाधीश सोमवारपर्यंत रजेवर. जिल्ह्याला फोन केला तर म्हणाले, लेखी द्या. लेखी दिलं.

वैजयंतीचा फोन कसाबसा लागला. सांगितलं. म्हणाली, तरीच. मंगळवारपासून रोज जेवायच्या वेळेला एक बार होतोय. पहिल्या दिवशी पाण्यापलीकडं झाला. काल केळीत. केळीत डुकरं आलेली नाहीत, ताई.

माझ्या सहीने गेलीय ती बंदूक. एका एसटीसाठी.

शनिवार, ३० नोव्हेंबर

सोलापूरच्या महिला आधारगृहात जागा मिळाली. उद्या दोघींना घेऊन जायचं. वैजयंती तयार आहे. सोनाबाई म्हणतात, मी घर सोडणार न्हाय, आन मला काय हुतंय.

आजचा बार गोठ्यामागे झाला.

रविवार, १ डिसेंबर, दुपारी दीड

केळवाडीत आहे. वाटेवर त्याने ट्रॅक्टर आडवा लावलाय. माझा रिक्षावाला ते बघून परत फिरला, मी बांधाने चालत आले. वैजयंतीची पिशवी भरलेली आहे. दार लावून बसलोय तिघी. ठाण्याला दोनदा फोन केला. गाडी दुसरीकडे गेलीय, निघतो म्हणाले.

पावणेदोन

अंगणात आलाय. आरडाओरडा नाही काही. ओट्यावर बसलाय. खिडकीच्या फटीतून दिसतो — बंदूक मांडीवर आडवी. ठाण्याला कळवलं, पाऊल टाकलंय म्हणून. पत्ता सांगा म्हणाले.

वैजयंतीचा हात माझ्या हातात आहे. डाव्या. उजव्याने लिहितेय, कारण हे कुणालातरी कळायला हवं — तिने काही चुकवलं नाही. सगळं कायद्याने केलं तिने. वहीत सही केली ती मी —

दोन

बोलला. पहिल्यांदाच. आये, भूक लागलीय, वाढ की म्हणाला. अगदी हळू.

सोनाबाई रडतायत. मी खुणेने नको म्हणते. पुन्हा म्हणाला, आये, चार दिस जेवलो न्हाय.

त्या उठल्या. मी पदर धरला — सुटला — लेकरू उपाशी हाय म्हणत कडीकडे — वैजयंती माझ्यामागे — सोनाबाई, नका — कडी —