जांभळट पराग

५ मार्च

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि. बाबा गेल्यावर आपण दोघा शहाण्यांनी भांडून त्यांच्या पांढऱ्या फुलझाडांची वाटणी केली. नरझाडं मी आणली, मादीझाडं तुझ्याकडे राहिली. आता बी धरायचं तर टपालवाल्याचे पाय धरणं आलं! माझ्या झाडांना यंदा प्रथमच फुलं आली. पराग पुडीत पाठवतोय. तो जरा जांभळट दिसतो, हवा दमट होती म्हणून असेल. गुडघा कसा आहे?
लोभ आहेच, तो रागातही कमी करू नकोस.
तुझा धाकटा

१० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वाचून डोळे चोळशील. गेल्या मार्चमध्ये तुझा पराग लावला, तेव्हा बोंडं सगळी गळून गेली आणि मी रडले होते. यंदा त्याच झाडांच्या मादीफुलांत चक्क पुंकेसर आलेत! शेजारची शिंपीण म्हणाली की असलं कधी पाहिलं नाही. मी म्हटलं, आमच्या बाबांच्या हातचं झाड आहे, त्याला काय अशक्य?
माश्या मात्र फुलांतून काळ्या पायांनी बाहेर येतात. ते बघून मन चरकतं. पण झाडं म्हातारी झालीत, बी धरलं नाही तर ती आपल्याबरोबरच संपतील, याचीच मला रात्रंदिवस धास्ती आहे. फांद्या लावून केलेली रोपं मी तुझी पुडी येण्याआधीच अकरा घरी दिली होती ना, ती सगळी मादीच. तिथे कळ्या उमलल्या की या पुंकेसरांचाच पराग कुंचल्याने लावून येईन.
वेळेवर जेवत जा, म्हणजे माझे आशीर्वाद तरी लागू पडतील.
ताई

१५ फेब्रुवारी

ताई,
नमस्कार-चमत्कार राहू देत. हे वाचताच कुंचला खाली ठेव. इथल्या रोपवाटिकेतल्या बाईंना मी माझी फुलं दाखवली. ती पूड पराग नाहीच, बुरशी आहे. ती परागाच्या जागी स्वतःची पूड भरते. मादीझाडात शिरली की त्यालाही पुंकेसर आणते, म्हणजे माश्यांनी तीच पूड पुढच्या झाडावर न्यावी. अशा झाडाला बी कधीच धरत नाही.
ती तुझ्याकडे मीच पाठवली. मला झोप नाही. माझा वाफा उपटून जाळला, तुझाही जाळ. भिंतीपलीकडचं एकच नरझाड निरोगी निघालं, त्याचा पराग मी स्वतः घेऊन येतोय. बाबांच्या झाडाची आशा आता त्या अकरा घरांवरच आहे. मी येईपर्यंत तिकडे फिरकूही नकोस.
धाकटा

१६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. तुझ्या पत्राची वाट पाहून थकले. कळ्या एकदम उमलल्या, मग कशाला थांबायचं? सकाळपासून गुडघ्याची पर्वा न करता अकराही घरं पालथी घातली. एक फूल सोडलं नाही. शेवटच्या घरची म्हातारी हसत होती, म्हणाली की बोटं काजळात बुडवल्यासारखी झालीत.
काल तर फार भीती वाटत होती. आज सुखाने झोपेन. आता बाबांचं झाड संपायचं नाही.
बोंडं धरली की ये, एकत्र मोजू.
तुझी ताई