जोडलेलं आणि चिकटवलेलं

आबा, विश्रामबागेतल्या कॉलेजचं सरकतं फाटक मी केलं. उसाच्या ट्रॉल्या केल्या, त्यांचे हूकसुद्धा विकत आणले नाहीत. एका दवाखान्याचा गोल जिना केला, तो चढताना हलत नाही. आणि आपल्या ओढ्यावरचा लोखंडी साकव. सगळं या हातांनी, कुणी न शिकवता.

साकव उभा राहिला तेव्हा तुम्हाला मोटारसायकलवर बसवून दाखवायला आणलं. तुमची सगळी नोकरी कृष्णेवरच्या जुन्या पुलाच्या देखभालीत गेलेली, प्लेटा जोडणाऱ्या रिव्हेटवर हातोडी मारायची आणि आवाज ऐकायचा: घट्ट असला तर खणखणीत, सैल असला तर बद्द. तुम्ही माझ्या वेल्डिंगवरून अंगठा फिरवता. मी श्वास धरून उभा.

"ब्येस चिकटवलंय," तुम्ही म्हणता.

"चिकटवलंय न्हवं आबा, जोडलंय."

"जोडलंय त्या पुलाला. ह्ये चिकटवलंय रं."

शेजारचा गवंडी हसला. "आवं, डिंकानं का काय?"

मग त्याला तुम्ही तो जुना पूल बांधणाऱ्या विलायती कंपनीची गोष्ट सांगत बसलात. एका शेडमध्ये फाटकं आणि कढया करणारी माणसं. एक छोटा पूल मिळाला, तो टिकला म्हणून दुसरा, मग रेल्वेचे. शेवटी अख्खे पूल सुटे करून, तुकड्यांवर नंबर घालून बोटीनं आपल्याकडं धाडायला लागले. सांगताना तुमचा चेहरा असा, की जणू तुमचंच पोरगं नावारूपाला आलंय. मीही शेडमध्ये फाटकंच करत होतो, आबा. ती शेड कुठं आहे, हे तुम्ही कधी विचारलं नाही. मेलेल्या गोऱ्यांवर मी जळायचो. अजून जळतो. पुलावरची त्यांच्या नावाची ओतीव पाटी आली की मान दुसरीकडं वळवतो.

आता तो पूल काढतायत. ठेकेदार शेडवर आला, कापायचं काम घ्या म्हणाला. बायको म्हणाली, "घ्या की, तुमचा वैरीच हाय त्यो." मलाही वाटलं, उद्याच गॅसकटर लावावा. आधी जाऊन एक रिव्हेट ठोकून बघितला. खणकन वाजला. दुसरा ठोकायचं धाडस झालं नाही.

तुम्ही असता तर तुमच्या तोंडावर हे कधीच बोललो नसतो: साकवाचे दोन सांधे उकलले होते, गेल्या वर्षी मी गुपचूप पुन्हा वेल्डिंग केलं. पूल कापताना आतल्या प्लेटा अजून घट्ट बसलेल्या दिसल्या असत्या, तर तुमचंच खरं ठरलं असतं. गाव म्हणतं, बापाच्या मायेपोटी काम सोडलं. म्हणू दे. ठेकेदार साडेनऊ लाख देत होता, वर भंगारातला चौथा हिस्सा. नको म्हणालो.